यादीत नसलेली वस्तू

अशा खेळातली खोली साधारण अशी असते. १९२०च्या आसपासचं एखादं श्रीमंत घर. भिंतींना गडद हिरवा कागद, कोपऱ्यात ग्रामोफोन, काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी, टेबलावर कलंडलेला पेला आणि गालिच्यावर खडूने आखलेली माणसाची आकृती. मृतदेह हलवलेला आहे. पडद्याच्या खालच्या कडेला एक यादी: हातपंखा, किल्ली, मोत्यांची माळ, शंख, हातमोजा, बेडूक. घड्याळ सुरू झालेलं असतं. तुम्ही चित्रावर बोट फिरवायला लागता. किल्ली झुंबराच्या लोलकांमध्ये लटकते आहे, हातमोजा पडद्याच्या चुणीत मिसळून गेला आहे, आणि खुनाशी काडीचाही संबंध नसलेला तो बेडूक पितळी मूर्ती होऊन पुस्तकांच्या रांगेवर बसला आहे. एकेक वस्तू टिपली की यादीतलं तिचं नाव खोडलं जातं. यादी संपली की तपास एक पाऊल पुढे सरकतो.

‘हिडन ऑब्जेक्ट’ नावाने हा प्रकार जगभर ओळखला जातो. या अंकासाठी संपादकांनी ‘शोध’ हा विषय दिला, तेव्हा लोकलच्या डब्यात आणि दवाखान्यांच्या बाकांवर फोनमधली अशी खोली न्याहाळणारे चेहरे मला आठवले. बहुतेक चेहरे पन्नाशीपुढच्या बायकांचे. हे खेळ स्वतःला शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्ती यांच्या घराण्यातले समजतात. ते नातं कितपत खरं आहे हे पाहायचं मी ठरवलं. त्यासाठी खेळ खेळले, जुन्या रहस्यकथा पुन्हा काढल्या, अशी चित्रं रंगवणाऱ्या एका मुलीकडे गेले आणि हे खेळ रोज खेळणाऱ्या एका बाईंच्या शेजारी बसले.

पोलिसांनी खुर्चीचे पाय तपासले

या नात्याचा पहिला धागा १८४४ सालचा आहे. एडगर अ‍ॅलन पो यांच्या ‘द पर्लॉइन्ड लेटर’ या कथेत एका मंत्र्याने राजघराण्यातलं एक नाजूक पत्र चोरलं आहे. चोर कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र त्याच्याच घरात आहे हेही ठाऊक आहे. पॅरिसचा पोलीसप्रमुख ते घर रात्रीमागून रात्री पिंजून काढतो. गाद्याउशांत लांब सुया खुपसल्या जातात, टेबलांचे वरचे पृष्ठभाग काढले जातात, खुर्च्यांचे सांधे भिंगाखाली तपासले जातात. पत्र मिळत नाही. ते चुलाण्यावरच्या कट्ट्याखाली टांगलेल्या एका साध्या पुठ्ठ्याच्या खणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, उलटून नि मळवून ठेवलेलं असतं. द्युपाँ नावाचा हौशी तपासनीस हिरवा चश्मा लावून येतो आणि गप्पा मारता मारता ते हेरतो.

याच कथेत द्युपाँ एका खेळाविषयी बोलतो. नकाशा पसरायचा, एकाने त्यावरचं गावाचं, नदीचं किंवा प्रांताचं नाव सांगायचं आणि दुसऱ्याने ते शोधून दाखवायचं. नवखा खेळाडू बारीक अक्षरातली नावं निवडतो. मुरलेला खेळाडू नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठाल्या अक्षरांत पसरलेलं नाव निवडतो, कारण इतकं मोठं काही वाचायचं असतं हेच डोळ्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे रहस्यकथा जन्माला येत होती तेव्हाच तिच्या पोटात लपलेली गोष्ट शोधण्याचा हा खेळ होता. माझ्या मते आजचे बहुतेक खेळ पोलीसप्रमुखाच्या बाजूचे आहेत: वस्तू सांध्यात, सावलीत, चुणीत दडवायची आणि घर पिंजून काढायला लावायचं. द्युपाँच्या बाजूचा खेळ करणं फार अवघड आहे, आणि तो करणारे लोक आता कुठे दिसू लागले आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

ख्रिस्तीबाईंच्या पहिल्याच कादंबरीत, १९२०च्या ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’मध्ये, हा द्युपाँचा मार्ग पुन्हा भेटतो. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की गावच्या इस्पितळातल्या औषधालयात काम करत होत्या. विषांची ओळख तिथली. त्या कादंबरीतला तपासनीस पायरो चिरडलेला कॉफीचा कप, मेणाचा डाग, जळून उरलेला कागदाचा तुकडा अशा वस्तू गोळा करतो, आणि चुलाण्यावरच्या कट्ट्यावरील शोभेच्या वस्तू सवयीने सरळ रांगेत लावतो. त्याच्या टापटिपीची गंमत म्हणून वाचक ते वाचून पुढे जातो. कथेतला कळीचा दुवा मात्र त्या सवयीपाशीच असतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथेच थांबते.

खऱ्या केसांची, खऱ्या काडीची फाईल

त्या काळात रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला सामना मानला जाई. जे पुरावे तपासनीसाला दिसले ते सगळे वाचकालाही दिसले पाहिजेत, ही अट होती. अमेरिकेत ‘एलरी क्वीन’ या नावाने लिहिणाऱ्या दोन मावसभावांनी १९२९च्या पहिल्या कादंबरीतच शेवटाआधी कथा थांबवून वाचकाला आव्हान दिलं होतं: आता सगळं तुमच्यापुढे आहे, सांगा गुन्हेगार कोण. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले.

मग पुरावे नुसते वर्णनात कशाला ठेवायचे, असं कुणाला तरी वाटणारच होतं. १९३६ साली डेनिस व्हीटली या लोकप्रिय कादंबरीकाराने ‘मर्डर ऑफ मायामी’ काढलं. ते पुस्तक म्हणजे चक्क पोलिसांची फाईल होती. साबणाचा एक कारखानदार आपल्या नौकेवरून नाहीसा झाला आहे; फाईलमध्ये तारा, टंकलिखित जबाब, हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या, नौकेतल्या खोल्यांची छायाचित्रं, आणि खरोखरच्या वस्तू: रक्ताचा डाग असलेला पडद्याचा तुकडा, केस, जळकी काडी. उत्तराची पानं मोहोरबंद. वाचकाने भिंग घेऊन छायाचित्रं न्याहाळायची. कल्पना जे. जी. लिंक्स यांची होती. ते फरच्या व्यवसायातले, आणि पुढे कॅनलेटो या व्हेनिसच्या चित्रकाराचे मोठे अभ्यासक म्हणून नावाजले गेले. कॅनलेटोच्या चित्रांतल्या खिडक्या, नावा आणि चिमुकली माणसं पाहण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला अशी फाईल सुचावी हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. तीन वर्षांत आणखी तीन फाईली निघाल्या.

आजच्या खेळाचा खरा पूर्वज मला ही फाईल वाटते. क्लूडो या खुनी ओळखायच्या बैठ्या खेळापेक्षाही. क्लूडोत तर्क आहे, पण डोळ्यांना काही काम नाही. मुलांच्या मासिकांतली ‘चित्रात लपलेल्या वस्तू शोधा’ची पानं किंवा मार्टिन हँडफर्ड यांचा गर्दीत हरवलेला वॉली यांत डोळ्यांना काम आहे, पण गुन्हा नाही. व्हीटली आणि लिंक्स यांच्या फाईलमध्ये दोन्ही होतं: छायाचित्रात एखादी गोष्ट दिसायला हवी होती, आणि ती तिथे का आहे हे कळायलाही हवं होतं.

तासभर फुकट तपास

संगणकावर हा प्रकार रुजवला सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स या कंपनीने. ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ हा तिचा खेळ २००५ साली आला. खेळ उतरवून घ्यायचा, एक तास फुकट खेळायचा, आवडला तर पैसे भरायचे. कन्सोलपुढे तासन्‌तास बसणाऱ्या तरुणांना जे खेळ विकले जात होते त्यांपेक्षा हा बाजार निराळा होता. त्यात गोळ्या झाडायच्या नव्हत्या, बोटांची चपळाई लागत नव्हती. डोळे, चिकाटी आणि घरातल्या वस्तूंची ओळख एवढ्यावर खेळता येत होतं, आणि गिऱ्हाईक म्हणून पुढे आल्या त्या मध्यमवयीन बायका.

२००७ साली ख्रिस्तीबाईंची ‘डेथ ऑन द नाईल’ याच रूपात आली. कादंबरी १९३७ची. खेळात पायरो जहाजावरच्या एकेका प्रवाशाची खोली धुंडाळतो. मला तो खेळताना आनंद झाला आणि रुखरुखही लागली. खोल्या देखण्या आहेत, पण शोधायच्या बहुतांश वस्तूंचं खुनाशी देणंघेणं नाही. कादंबरीत एखादी बाटली किंवा रुमाल पुढे आला की त्याच्याभोवती संशय जमायला लागतो. इथे पन्नास वस्तूंच्या पसाऱ्यात खरा पुरावा सापडला तरी त्याचं वजन जाणवत नाही, कारण तो पुरावा आहे हे खेळच सांगून टाकतो.

मग फोन आले. २०१२ साली पॅरिसच्या प्रिटी सिंपल या कंपनीचा ‘क्रिमिनल केस’ फेसबुकवर प्रचंड चालला. २०१७ साली बर्लिनच्या वूगा कंपनीने ‘जून्स जर्नी’ आणला; बहिणीच्या खुनाचा छडा लावायला निघालेली जून पार्कर ही त्याची नायिका, काळ १९२०च्या दशकाचा. खेळ फुकट आहे, पण प्रत्येक देखाव्याला ‘एनर्जी’ खर्ची पडते. ती संपली की ती भरून येईपर्यंत थांबायचं किंवा पैसे मोजायचे. शिवाय पुढचं प्रकरण उघडायला चांदण्या लागतात, आणि चांदण्यांसाठी तीच खोली पुन्हा पुन्हा झाडायची. तपासनीस एकाच खोलीत इतक्यांदा का येते, याचं उत्तर कथेत नसून हिशेबाच्या वहीत आहे. रहस्यकथेचा पाया प्रामाणिक सामन्याचा होता. वाचकाला मुद्दाम तिष्ठत ठेवून त्या तिष्ठण्याचे पैसे घेणं या पायाशी विसंगत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कोथरूडमध्ये रंगवलेला खून

अशी चित्रं रंगवणारी मुलगी पुण्यात कोथरूडला राहते. बाहेरच्या एका स्टुडिओसाठी घरून काम करते. कामाच्या अटींमुळे तिने स्वतःचं किंवा स्टुडिओचं नाव छापू नये असं सांगितलं. टेबलावर रंगवायची पाटी, समोर मोठा पडदा, भिंतीवर जुन्या फर्निचरची आणि दिव्यांची कात्रणं.

तिने ग्रंथालयाचं एक चित्र पडद्यावर उघडून दाखवलं. आधी रिकामी खोली रंगवते, उजेड कुठून येतो ते ठरवते. मग वस्तू. प्रत्येक वस्तूचा थर वेगळा, तिची सावली वेगळी, कारण खेळणाऱ्याने ती उचलली की खालची जागा नीट दिसली पाहिजे. यादीत एका वेळी दहाबारा वस्तू असल्या तरी चित्रात त्याहून कितीतरी जास्त रंगवाव्या लागतात; दर खेपेला यादी बदलते. तिने थर एकेक करून बंद केले तशी खोली ओस पडत गेली.

“लपवायचं म्हणजे झाकायचं नाही,” ती म्हणाली. “झाकलेलं शोधायला लावणं ही लबाडी झाली.” काठी खिडकीच्या चौकटीला समांतर ठेवायची म्हणजे ती चौकटच वाटते. पिवळं फळ दिव्याच्या पिवळ्या उजेडात. कात्री उघडी नको, मिटलेली, म्हणजे तिची ओळखीची आकृती मोडते. शिंपला भिंतीच्या नक्षीत, नक्षीच्याच मापाचा. पण त्यालाही मर्यादा असतात. फोनवर बोट लागेल इतकी वस्तू मोठी हवी. निम्मीअधिक दिसलीच पाहिजे. यादीत ‘किल्ली’ असेल आणि चित्रात दोन किल्ल्या असतील तर दोन्ही चालायला हव्यात, नाहीतर लोक चिडतात आणि त्यांचं चिडणं योग्यच असतं.

चित्र तयार झालं की ते न पाहिलेल्या लोकांना खेळायला देतात. “सापडल्यावर माणसाने ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं म्हटलं तर चित्र पास. ‘हे कसं काय दिसणार?’ म्हणाला तर परत माझ्याकडे.” रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाची कसोटी नेमकी हीच असते. ती स्वतः रहस्यकथा फारशा वाचत नाही. ही कसोटी तिला हाताने काम करता करता सापडली आहे.

मी विचारलं, कथा तुला आधी देतात का? म्हणजे खुनी कोण हे ठाऊक असतं का? तिने मान हलवली. तिला खोलीचं वर्णन आणि वस्तूंची यादी येते. पुराव्याच्या वस्तूपुढे खूण असते, एवढंच.

नजर काय गाळते

डोळ्याला एका क्षणी स्पष्ट दिसतं ते फार थोडं. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखापेक्षा जरा मोठी जागा, बस्स. बाकीचं अंधूक. म्हणून नजर सेकंदाला तीनचार उड्या मारत चित्रभर फिरते. तिने कुठे उडी मारायची हे ठरवायला मेंदू खुणा वापरतो. १९८० साली अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी याची मांडणी केली. हिरव्या ठिपक्यांत एक लाल ठिपका असेल तर तो आपोआप उठून दिसतो, भोवती ठिपके दहा असोत की शंभर. पण लाल आणि उभी अशी रेघ, लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीत, शोधायला सांगितली तर एकेक तपासत जावं लागतं आणि गर्दीबरोबर वेळ वाढतो. कोथरूडच्या चित्रकर्तीचं सगळं कसब दुसऱ्या प्रकारात मोडतं. कोणतीही वस्तू एका खुणेवर उठून दिसू नये याची ती काळजी घेते.

यादीचा परिणाम याहून खोल आहे. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र घातलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने दाखवलं की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी थेट त्या गोरिलाकडे पाहिलं होतं. ही माणसं निष्काळजी नव्हती. ती यादीप्रमाणे शोधत होती, आणि यादीत गोरिला नव्हता. पो यांच्या पोलीसप्रमुखाचं याहून निराळं काय झालं होतं? त्याच्या मनातल्या यादीत ‘लपवलेलं पत्र’ होतं. खणात उघड्यावर पडलेला मळका कागद त्या वर्णनात बसत नव्हता.

दुर्मीळ गोष्टींचं तर आणखी कठीण. जेरेमी वुल्फ यांच्या २००५च्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना लोक तिला सुमारे ७ टक्के वेळा चुकले. ती शंभरांत एकदाच येऊ लागली तेव्हा सुमारे ३० टक्के वेळा. विमानतळावर पिशव्या तपासणाऱ्यांची अडचण ही आहे. खेळात मात्र यादीतली वस्तू चित्रात असतेच असते. त्या खात्रीमुळेच तो विसावा वाटतो.

डोंबिवलीच्या बाई

ज्यांच्या शेजारी मी बसले त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. सगळी सोसायटी त्यांना ‘बाई’च म्हणते. डोंबिवलीला राहतात. दुपारी जेवणं झाली की चश्मा पुसून टॅबलेट घेतात. त्यांचा हात पाहण्यासारखा आहे. यादी लगेच वाचत नाहीत, आधी खोलीभर एक नजर फिरवतात आणि मग पटापट पाच वस्तू टिपतात. एखादी वस्तू अडली की टॅबलेट उलटा धरतात. “उलटं केलं की चित्र चित्र राहत नाही, नुसते आकार दिसतात,” असं त्यांनी मला समजावलं. खेळातल्या त्यांच्या क्लबात अमेरिकेतली त्यांची भाची आहे. तिथली सकाळ आणि इथली संध्याकाळ साधून दोघी स्पर्धा खेळतात. एक रुपया भरायचा नाही, हा त्यांचा नियम. एनर्जी संपली की टॅबलेट बाजूला आणि भाजी निवडायला.

बाईंचं रहस्यकथांचं वेड जुनं. लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आणून त्या पांघरुणात वाचत. त्या पुस्तकांत आणि या खेळात काय फरक वाटतो, असं मी विचारलं. त्यांनी जरा वेळ घेतला. “इथे मला काय शोधायचं ते सांगतात. तिथे ते ओळखणं हेच काम होतं.”

मी इतकी पुस्तकं चाळून जे मांडू पाहत होते ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. यादी हातात आली की तपासनीसाचं अर्धं काम कुणीतरी करून टाकलेलं असतं. शेरलॉक होम्सच्या १८९२च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री घोडा पळवला गेला तेव्हा तबेल्यातला कुत्रा भुंकला नाही, हा निर्णायक पुरावा ठरतो. न भुंकणं कुठल्या खोलीत रंगवणार? जी गोष्ट असायला हवी होती आणि नाही, तिच्यावर बोट कसं ठेवणार?

ओब्रा डिनची माणसं

याला उत्तर देणारे खेळ अलीकडे आले आहेत आणि ते मला मनापासून आवडले. लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ २०१८चा. १८०७ सालची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज रिकामं परत आलं आहे आणि विम्याचा हिशेब करायला तुम्हाला पाठवलं आहे. जहाजावर ६० माणसं होती. खेळ त्यांची यादी देतो: नाव, हुद्दा, देश. सगळ्यांचे चेहरे काढलेलं चित्रही देतो. पण कुठला चेहरा कुठल्या नावाचा आणि त्याचं काय झालं, हे तुम्ही जुळवायचं. मृत्यूच्या गोठलेल्या क्षणांत फिरून कुणाच्या अंगावर कुठला पोशाख आहे, कोण कोणत्या बोलीत बोलतो, कोण कुणाशेजारी बसतो ते पाहायचं. झोपायच्या झोळीवर एक आकडा लिहिलेला आहे. तो यादीतल्या अनुक्रमांकाशी जुळतो हे तुमचं तुम्हाला उमगायला हवं. त्या खलाशांत हिंदुस्थानी माणसंही आहेत, आणि त्यांना ओळखताना आपल्या डोळ्यांना एखादी खूण आधी दिसते याचं मला अप्रूप वाटलं. तीन माणसं बरोबर जुळली की मगच खेळ होकार देतो, म्हणजे ठोकताळ्याने चालत नाही.

दुसरा ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’, २०२२चा, लात्वियातल्या दोन भावांनी केलेला. अठराव्या शतकातले गोठलेले देखावे. माणसांवर, कागदांवर, खिशांतल्या वस्तूंवर बोट ठेवलं की शब्द जमा होतात: नावं, क्रियापदं, वस्तू. मग रिकाम्या जागा असलेला वृत्तांत भरायचा. काय शोधायचं याची यादी इथे खेळणाऱ्यालाच देखाव्यातून तयार करावी लागते.

तो मी लॅपटॉपवर बाईंसाठी सुरू केला. पहिल्याच देखाव्यात एक माणूस दुसऱ्याला कड्यावरून ढकलतो आहे.

“अहो, खुनी तर दिसतोच आहे,” बाई म्हणाल्या. “मग शोधायचं काय?”

“तो कोण, आणि ढकलतोय कशासाठी.”

त्यांनी खालच्या कडेला यादी शोधली. ती नव्हती. त्या थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग उठून डायरी आणि पेन्सिल आणली, पानावर उभी रेघ मारली, एका बाजूला ‘ढकलणारा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पडणारा’ असं लिहिलं, आणि मला म्हणाल्या, “आधी याचा खिसा उघड. आणि नंतर त्याचा. माणसाजवळ काय आहे आणि काय नाही, दोन्ही लिहून ठेवू.”